घासासाठी श्वास

तोंडाचा किंवा घशाचा कर्करोग बरा झाल्याचे डॉक्टरांनी सांगितले की घरात हायसे वाटते. शस्त्रक्रिया पार पडलेली असते, सहा-सात आठवड्यांचे किरणोपचार संपलेले असतात, बोललेला नवस फेडला जातो, नातेवाइकांचे दूरध्वनी येतात. मात्र काही महिन्यांनी, कधी काही वर्षांनी, त्याच घरात एक नवी अडचण दबक्या पावलांनी शिरते. बरा झालेला माणूस पंगतीला बसेनासा होतो. लग्नकार्यात आहेर देऊन, हात जोडून, न जेवता परततो. घरीही सर्वांचे उरकल्यावर स्वयंपाकघरात एकटाच बसतो. भाकरी दुधात भिजवतो, भातात ताक ओततो, एकेक घास दोन-तीनदा गिळतो आणि तरीही त्याला ठसका लागतो. जेवण पाऊण तास, कधी तासभर चालते. अंगावरचे कपडे सैल होत जातात. घरचे म्हणतात, एवढ्या मोठ्या दुखण्यातून उठलात, आता जेवणाचे काय घेऊन बसलात? तोही गप्प बसतो. जीव वाचल्यावर घासासाठी तक्रार करणे त्याला कृतघ्नपणाचे वाटते.

कर्करोगाविषयी आपल्याकडे बरेच लिहिले-बोलले जाते. तंबाखूविरोधी फलक लागतात, तपासणी शिबिरे होतात, दात्यांच्या देणग्यांतून यंत्रे येतात. ते सारे आवश्यकच आहे. पण रुग्णालयाच्या दारातून बाहेर पडलेला माणूस पुढे जेवतो कसा, हा प्रश्न ना शासनाच्या आरोग्य योजनांत ठळकपणे दिसतो, ना समाजाच्या सेवाकार्यात. वस्तुतः या प्रश्नावर एक साधा, घरी करता येणारा आणि मोजून पाहिलेला उपाय गेल्या काही वर्षांत पुढे आला आहे. तो आहे श्वासाच्या स्नायूंचा व्यायाम. प्राणायामाची परंपरा सांगणाऱ्या समाजाने तरी त्याकडे वळून पाहायला हवे.

प्रश्नाचा आकार लहान नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेच्या २०२२ च्या अंदाजानुसार भारतात त्या एका वर्षात ओठ व तोंडाच्या कर्करोगाचे सुमारे १ लाख ४३ हजार नवे रुग्ण आढळले. भारतीय पुरुषांत हा कर्करोग पहिल्या क्रमांकावर आहे. घसा आणि स्वरयंत्र यांच्या कर्करोगाचे रुग्ण या आकड्यात धरलेले नाहीत. कारण शोधायला दूर जावे लागत नाही. २०१६-१७ च्या राष्ट्रीय तंबाखू सर्वेक्षणात महाराष्ट्रातील २४.४ टक्के प्रौढ धूरविरहित तंबाखूचे सेवन करणारे निघाले. विदर्भातला खर्रा, नगरकडचा मावा, खेड्यापाड्यांतील बायकांची मशेरी, कामगाराच्या खिशातली चुन्याची डबी, अशी त्याची नाना रूपे. राज्यात गुटख्यावर जुलै २०१२ मध्ये बंदी आली, तर पानमसाला एका पुडीत आणि तंबाखू दुसऱ्या पुडीत विकण्याची युक्ती बाजाराने शोधून काढली. त्या बंदीची झालेली शोभा हा वेगळ्या अग्रलेखाचा विषय आहे. येथे लक्षात घ्यायचे ते एवढेच की, उपचार सुधारत चालल्याने या रुग्णांतील अनेक जण जगतात आणि जगणाऱ्यांपैकी पुष्कळांना गिळण्याचा त्रास मागे उरतो.

हा त्रास होतो कसा, हे समजून घेतल्याशिवाय व्यायामाचे मर्म कळणार नाही. निरोगी माणूस दिवसातून शेकडो वेळा गिळतो आणि त्याला त्याचा पत्ताही नसतो. परंतु घशात अन्नाचा मार्ग आणि श्वासाचा मार्ग एकमेकांना छेदतात. चौकात एका बाजूची वाहतूक रोखल्याशिवाय दुसरी सोडता येत नाही, तसाच हा प्रकार आहे. घास जिभेच्या मुळापाशी पोहोचला की जिभेच्या बुडाशी असलेले नालेच्या आकाराचे एक लहानसे हाड वर आणि पुढे खेचले जाते. त्याच्याबरोबर स्वरयंत्र वर सरकते, त्यावरचे झाकण खाली वळते, स्वरतंतू मिटतात आणि क्षणभर श्वास थांबतो. हे सगळे जेमतेम एका सेकंदात घडते. त्यातही शरीराची एक खुबी आहे. बहुतेक निरोगी प्रौढ माणसे थोडा उच्छ्वास टाकल्यावर गिळतात आणि गिळून झाल्यावर पुन्हा उच्छ्वासच टाकतात. घशात चुकून एखादा कण उरलाच, तर बाहेर पडणारी हवा त्याला आत जाऊ देत नाही. जेवणाच्या आरंभी पाच प्राणांना आहुती देण्याची चाल ज्या घरांत अजून टिकून आहे, तेथील वडीलधाऱ्यांना अन्न आणि प्राण यांचा हा शेजार नवा वाटणार नाही.

किरणोपचारात हा सारा भाग किरणांच्या वाटेत येतो. मान व मुखाच्या कर्करोगासाठी साधारणतः ६० ते ७० ग्रे एवढी मात्रा तीस-पस्तीस बैठकांत दिली जाते. गाठ जळते, पण शेजारच्या स्नायूंनाही आच लागते. लाळग्रंथी सुकतात आणि कोरडा घास घशात फिरत राहतो. तोंड पूर्ण उघडत नाही. काही काळाने स्नायूंत तंतुमय काठिण्य येते. ओल्या चामड्याचा पट्टा उन्हात वाळून ताठ व्हावा, तसे ते हाड आणि ते स्वरयंत्र वर सरकेनासे होते. काही रुग्णांत तर अनेक वर्षांनी जिभेकडे जाणाऱ्या नसा दुबळ्या होतात. झाकण अर्धवट मिटते आणि अन्नाचा किंवा पाण्याचा अंश श्वासनलिकेत उतरतो.

ठसका लागला तर निदान इशारा तरी मिळतो. परंतु किरणांनी घशाची संवेदनाही बोथट होते. मग पाणी श्वासनलिकेत जाते आणि माणूस खोकतसुद्धा नाही. घरच्यांना वाटते, छान चालले आहे, ठसका बंद झाला. हा सर्वांत घातक प्रकार होय. फुप्फुसात साठत गेलेल्या अंशातून पुन्हा पुन्हा न्यूमोनिया होतो आणि कर्करोगातून वाचलेला माणूस त्या न्यूमोनियाने जाऊ शकतो. ज्याला वारंवार ताप येतो, जेवल्यानंतर ज्याचा आवाज ओलसर, घरघरता होतो, ज्याचे वजन कारणाविना उतरत जाते, त्याची गिळण्याची तपासणी झालीच पाहिजे. बेरियम मिसळलेला घास देऊन क्ष-किरणांखाली त्याचे चलच्चित्र घेता येते किंवा नाकातून बारीक दुर्बीण घालून घसा पाहता येतो. 'हवापालटाने खोकला जाईल' हा शेजाऱ्यांचा सल्ला त्या तपासणीची जागा घेऊ शकत नाही.

आता व्यायामाकडे वळू. अमेरिकेतील फ्लोरिडा विद्यापीठात क्रिस्टीन सॅपिएन्झा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उच्छ्वासाचे स्नायू बळकट करण्याची एक पद्धत विकसित केली. उपकरण मुठीत मावेल एवढे. तोंडात धरायचा तुकडा, त्यामागे नळी, नळीत स्प्रिंग लावलेली झडप. स्प्रिंग आवळली की झडप घट्ट होते आणि ठरावीक दाबाने फुंकल्याखेरीज ती उघडतच नाही. पहिलवान जसा वजन वाढवत नेतो, तसा येथे दाब वाढवत न्यायचा. रुग्ण जास्तीत जास्त किती जोराने फुंकू शकतो, हे आधी मोजतात आणि त्याच्या साधारण पाऊण हिश्श्यावर स्प्रिंग बसवतात. एका वेळी पाच फुंकर, अशा पाच फेऱ्या, आठवड्यातून पाच दिवस. मध्ये विश्रांती धरली तरी सारा खेळ वीस-पंचवीस मिनिटांत आटोपतो.

फुंकण्याने गिळणे कसे सुधारेल, असा प्रश्न सहज मनात येतो. त्याचे उत्तर दुहेरी आहे. जोर लावून फुंकताना पोटाचे आणि बरगड्यांमधले स्नायू काम करतात. ते सशक्त झाले की खोकला जोरकस होतो आणि चुकून आत गेलेला कण बाहेर फेकता येतो. शिवाय अडथळ्याविरुद्ध फुंकताना हनुवटीखालचे जे स्नायू ताणले जातात, तेच गिळताना त्या नालेच्या आकाराच्या हाडाला वर खेचतात. म्हणजे एका व्यायामात रखवालदारही तयार होतो आणि दरवाजाही.

पार्किन्सनच्या ६० रुग्णांवर या पद्धतीची रीतसर तुलनात्मक चाचणी झाली. निम्म्यांना खरे उपकरण, निम्म्यांना हुबेहूब दिसणारे पण स्प्रिंग नसलेले. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत खऱ्या उपकरणाच्या गटाचे गिळणे अधिक सुरक्षित झाल्याचे दिसले. कर्करोगाच्या रुग्णांसंबंधी महत्त्वाचे काम ह्यूस्टनच्या एम. डी. अँडरसन कर्करोग केंद्रात कॅथरीन हचेसन यांनी केले. किरणोपचारानंतर अन्न श्वासमार्गात जाऊ लागलेल्या ६४ रुग्णांना त्यांनी या व्यायामात घेतले. आठवडे आठ. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात रुग्णांचा फुंकण्याचा दाब सरासरी ५७ टक्क्यांनी वाढला आणि गिळण्यातील सुरक्षितता सुधारली. मात्र घशात अन्न मागे उरण्याचे प्रमाण त्याने लक्षणीयरीत्या घटले नाही. शिवाय त्या अभ्यासात तुलनेसाठी दुसरा गट नव्हता. जे सिद्ध झाले आहे तेवढेच सांगावे. रुग्णाला खोटी आशा दाखवणे हे पापच. श्वासमार्गाची राखण थोडी बळकट करणे, एवढे या व्यायामाकडून अपेक्षित आहे. गेलेली चव, सुकलेली लाळ आणि कडक झालेली मान तो परत आणत नाही.

आणि एवढे तरी थोडे आहे काय? महिन्या-दोन महिन्यांनी न्यूमोनियाने खाटेला खिळणारा माणूस वर्षभर घरात राहिला, नाकातली नळी निघून पेज तोंडाने घेऊ लागला, तर त्याचे मोल त्या घरालाच ठाऊक.

उपाय त्रास जडल्यावरच शोधायचा असेही नाही. याच केंद्रातील ४९७ रुग्णांच्या नोंदींवर आधारलेला अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. किरणोपचार चालू असतानाही जे तोंडाने काहीतरी खात राहिले आणि गिळण्याचे व्यायाम करत राहिले, त्यांचे पुढचे जेवण सर्वांत चांगले राहिले. दोन्ही सोडलेल्यांचे सर्वांत वाईट. न वापरलेला स्नायू लवकर आखडतो. आपल्याकडे मात्र घसा सोलवटला की 'आता नळीनेच द्या, त्रास नको' असे म्हणून प्रेमापोटीच त्या माणसाचे तोंड बंद केले जाते. पोषणासाठी नळी लागत असेल तर ती अवश्य घालावी, तिला नावे ठेवू नयेत. पण डॉक्टरांची परवानगी असेल तेथवर चमचा-चमचा गिळणे चालू ठेवावे.

येथे दोन गैरसमज दूर करायला हवेत. करोनाच्या काळात घरोघरी तीन चेंडूंचे निळे-पांढरे यंत्र आले. ते अजूनही कपाटात पडून असेल. ते श्वास आत ओढण्याचे यंत्र आहे. येथे सांगितलेला व्यायाम श्वास बाहेर सोडण्याचा आहे. एकाच्या जागी दुसरे चालत नाही. दुसरा गैरसमज अधिक नाजूक आहे. हा विषय निघाला की चांगली शिकलेली माणसेही चटकन म्हणतात, यात नवीन ते काय, आपल्याकडे कपालभाती आणि भस्त्रिका हजारो वर्षांपासून आहेत.

अभिमान रास्त आहे. पण निष्कर्ष घाईचा. कपालभातीत उच्छ्वास जोराचा असतो, हे खरे. परंतु त्याच्या वाटेत अडथळा नसतो, मोकळ्या हवेत तो सुटतो. वजन न उचलता हात वेगाने हलवणे आणि वजन उचलणे यांत जो फरक, तोच येथे आहे. भ्रामरीत उच्छ्वास लांबतो, मन शांत होते. त्या शांतीची कर्करोगाच्या रुग्णाला गरजही असते. पण तिने हनुवटीखालचे स्नायू किती ताणले जातात, याचे मोजमाप झाल्याशिवाय तिला या उपचाराची जागा देता येणार नाही. योगाची टवाळी करणारे आणि 'सारे आमच्या ग्रंथांत आहे' म्हणून हात झटकणारे, दोघेही एकाच ठिकाणी येऊन थांबतात. दोघांपैकी कोणीही मोजून पाहत नाही.

मोजून पाहण्याची परंपरा महाराष्ट्राच्या मातीतच आहे. स्वामी कुवलयानंदांनी १९२४ मध्ये लोणावळ्याला कैवल्यधामाची स्थापना केली आणि त्याच वर्षी 'योगमीमांसा' हे नियतकालिक सुरू केले. उड्डियान आणि नौली करताना शरीराच्या आत दाबाचे काय होते, हे त्यांनी दाबमापक लावून तपासले. क्ष-किरणांची मदत घेतली. नौलीत निर्माण होणाऱ्या निर्वाताला त्यांनी आपले गुरू माधवदासजी यांचे नाव दिले. गुरूवर श्रद्धा होती, म्हणूनच त्यांनी गुरूने दिलेली विद्या दाबमापकासमोर निर्धास्तपणे उभी केली. त्याला आता शंभर वर्षे उलटून गेली. आंतरराष्ट्रीय योगदिनी २१ जूनला हजारोंच्या संख्येने चटया अंथरणाऱ्या देशात कुवलयानंदांच्या त्या दाबमापकाला मात्र पुरेसे वारस लाभले नाहीत.

तरीही आशेला जागा आहे. जयपूरच्या डॉक्टरांनी झोपेत श्वास अडखळणाऱ्या ३० रुग्णांवर शंखवादनाची चाचणी घेतली आणि ती २०२५ मध्ये युरोपातील श्वसनविषयक नियतकालिकात प्रसिद्ध झाली. एका गटाने रोज किमान पंधरा मिनिटे, आठवड्यातून पाच दिवस, सहा महिने शंख वाजवला; दुसऱ्या गटाने केवळ दीर्घ श्वसन केले. शंख वाजवणाऱ्यांची दिवसाची झोपाळू अवस्था ३४ टक्क्यांनी कमी झाली आणि झोपेत श्वास अडखळण्याच्या वेळाही घटल्या. चाचणी लहान आहे आणि तो आजार वेगळा आहे. त्यावरून गिळण्याविषयी काही सिद्ध होत नाही. पण मार्ग हाच. शंखात फुंकताना अडथळा असतो, दाब असतो, ओठ घट्ट मिटावे लागतात, टाळू वर उचलली जाते. शाखेच्या घोषात ज्यांनी शंख वाजवला आहे, त्यांना पहिल्या महिन्यात पोटाचे आणि गालांचे स्नायू कसे भरून येतात, हे वेगळे सांगायला नको. किरणोपचार झालेल्या रुग्णासाठी शंख उपयोगी ठरेल काय, कोणत्या दाबाचा, दिवसातून किती वेळा, कोणाला मुळीच देऊ नये, हे एखाद्या भारतीय कर्करोग रुग्णालयाने तपासावे. पुष्कळ काळ लागणारे किंवा फार खर्चाचे हे काम नाही.

भारतीय अभ्यासाची गरज आणखी एका कारणासाठी आहे आणि ते कारण अभिमानाशी संबंधित नाही. अमेरिकेतील पुष्कळशा रुग्णांचा कर्करोग घशाच्या मध्यभागी, टॉन्सिल वा जिभेच्या मुळाशी असतो. त्यामागे बहुधा एक विषाणू असतो आणि उपचार मुख्यतः किरणांनी होतो. आपल्याकडचा रुग्ण तंबाखूचा. त्याचा गाल, जीभ किंवा जबडा शस्त्रक्रियेत गेलेला असतो, मांडीचे वा छातीचे मांस तेथे लावलेले असते आणि त्यावर पुन्हा किरणोपचार झालेले असतात. अनेकांचे तोंड तंबाखू-सुपारीने आधीच दोन बोटांपुरते उघडत असते. ज्याचे ओठ नीट मिटत नाहीत, त्याच्या ओठांच्या कडेने हवा निसटणार आणि झडप उघडणारच नाही. ह्यूस्टनचे कोष्टक परळला जसेच्या तसे चिकटवून भागणार नाही.

उपकरणाचेही तेच. आज ते परदेशातून येते. स्प्रिंग, झडप आणि प्लास्टिकची नळी, एवढ्या वस्तू बनवणे पुण्या-नाशिकच्या कारखानदारांच्या हातचा मळ आहे. जयपूर फूट १९६८ मध्ये जयपूरला घडले आणि जगाच्या पाठीवर गेले. स्वरयंत्र काढावे लागलेल्या रुग्णांना बोलता यावे म्हणून बंगळुरूच्या डॉ. विशाल राव यांनी बनवलेल्या छोट्याशा झडपेला 'ॐ' हेच नाव आहे. आयात झडपेला हजारो रुपये पडत असताना त्यांनी ती साधारण ५० रुपयांत आणली. स्वदेशीचा पुरस्कार करणाऱ्या उद्योजकांनी कर्करोगाच्या रुग्णासाठी एक अचूक दाबाची स्प्रिंग बनवून द्यावी. अचूक हा शब्द येथे महत्त्वाचा आहे. खेळण्यातली पिपाणी आणि फुगा ही त्याची पर्यायी साधने नव्हेत, कारण त्यांचा दाब कोणी मोजलेला नसतो.

सर्वांत मोठी उणीव माणसांची आहे. गिळण्याचे उपचार करणारे तज्ज्ञ म्हणजे वाचा-उपचारतज्ज्ञ. लहान मुलांचे बोबडेपण दुरुस्त करणारे, एवढीच त्यांची ओळख समाजात आहे. म्हैसूरची वाक-श्रवण संस्था १९६५ पासून, तर मुंबईची अली यावर जंग संस्था १९८३ पासून असे तज्ज्ञ घडवत आहे. तरीही त्यांतले बहुतेक मोठ्या शहरांतच स्थिरावतात. जिल्ह्याच्या गावी किरणोपचाराचे यंत्र पोहोचले तरी गिळायला शिकवणारा पोहोचत नाही. संलग्न आरोग्य व्यवसायांसाठी २०२१ मध्ये संसदेने स्वतंत्र आयोगाचा कायदा केला, हे योग्य पाऊल होय. पण जिल्हा रुग्णालयात ते पद निर्माण होऊन भरले जाईल, तेव्हाच लातूरच्या किंवा गोंदियाच्या रुग्णाला त्याचा लाभ होणार आहे. कर्करोग केंद्राला यंत्रासाठी निधी देताना शासनाने आणि दात्यांनीही या पदाची अट घालावी. यंत्रावर देणगीदाराच्या नावाची पाटी लागते, तज्ज्ञाच्या पगारावर लागत नाही, ही अडचण आहे खरी.

हा व्यायाम कोणी वाचून आपल्या मनाने सुरू करू नये, हेही स्पष्ट सांगितले पाहिजे. अनियंत्रित रक्तदाब, हर्निया, नुकतीच झालेली शस्त्रक्रिया, फुप्फुसाचे काही विकार, यांत जोराने फुंकणे धोक्याचे ठरू शकते. गळ्याला छिद्र पाडलेले असेल तर हवा तेथूनच जाईल. आधी घशाची तपासणी, मग दाबाचे मोजमाप, मग उपकरण, आणि दर आठवड्याला दाब नव्याने ठरवणे, हा क्रम तज्ज्ञांच्याच हातचा.

मात्र तज्ज्ञाने शिकवल्यानंतरचे पाच-आठ आठवडे घरातच काढायचे असतात आणि तेथे खरी कसोटी लागते. थकलेला, खंगलेला माणूस तिसऱ्या दिवशी उपकरण बाजूला ठेवतो. त्याच्या शेजारी बसून 'चला, अजून एक फेरी' म्हणणारा कोणीतरी लागतो. बायको दिवसभर त्याचे पातळ अन्न, औषधे आणि बाकीचे घर सांभाळून दमलेली असते, मुले नोकरीवर. येथे कार्यकर्त्याला वाव आहे. मुंबईत परळला नाना पालकर स्मृती समितीचे रुग्णसेवा सदन १९६८ पासूनच्या कामातून उभे आहे. राज्याच्या आणि देशाच्या कानाकोपऱ्यांतून कर्करोगाच्या उपचारांसाठी आलेली कुटुंबे तेथे उतरतात. नागपूरला डॉ. आबाजी थत्ते यांच्या नावाने चालणाऱ्या संस्थेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेचे लोकार्पण एप्रिल २०२३ मध्ये सरसंघचालकांच्या हस्ते झाले. रुग्णाला डोक्यावर छप्पर आणि उपचार मिळावेत यासाठी जी संघटनशक्ती उभी राहू शकते, तिला त्याच रुग्णाच्या गावी, उपचार संपल्यानंतर, रोज अर्धा तास बसणारा एक माणूस देणे अवघड नसावे. ज्या वस्त्यांत आरोग्यरक्षक कार्यकर्ते आहेत, तेथे तर ही व्यवस्था उद्यापासूनही होऊ शकेल.

त्या कार्यकर्त्याला वैद्यकाचे ज्ञान लागत नाही. वक्तशीरपणा लागतो, जो शाखेत अंगवळणी पडलेला असतो. रुग्णाला ताठ बसवायचे, पाठीला उशी द्यायची, फेऱ्या मोजायच्या, दोन फेऱ्यांमध्ये त्याला बोलते करायचे. बोलताना आवाज ओला वाटला तर ते लक्षात ठेवायचे. व्यायाम जेवणानंतर लगेच घ्यायचा नाही. चक्कर आली, छातीत दुखले की थांबायचे. साध्या वहीत रोजची तारीख, किती फेऱ्या झाल्या, ताप होता की नाही, आठवड्याचे वजन आणि त्या दिवशी तोंडाने काय काय गेले, एवढे लिहायचे. पेज, मग मऊ खिचडी, मग वरणात कुस्करलेली पोळी, अशा नोंदी त्या वहीत ज्या क्रमाने येतील, त्यावरून पुढच्या भेटीत डॉक्टरांना बरेच काही कळेल.